शंभर टक्के उजेड

प्रकाश या विषयावर मला कुणी काही शिकवू नये, असं मी घरात वरचेवर सांगत असे. आणि का सांगू नये? एकवीस वर्षं शाळेत प्रकाश शिकवतोय मी! परावर्तन, अपवर्तन, लोलक, सात रंग... झोपेतून उठवलंत तरी फळ्याकडे तोंड करून धडाधडा सांगेन. त्यामुळे आमच्या घरातल्या टाकीला नवा दिवा घ्यायची वेळ आली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "हे माझ्यावर सोडा!"

हे तीन शब्द आठवले की मला अजूनही तोंड लपवावंसं वाटतं. पण सांगायला घेतलंच आहे, तर सगळं सांगतो.

टाकी सासूबाईंची. त्यांनी तीस वर्षं एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. तीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकातून बघितल्यामुळे समोरचा माणूस तोंड उघडायच्या आत त्याच्यात काय कमी आहे, ते त्यांना कळतं. माझ्या बाबतीत त्यांना ते लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं, पण तेव्हा फार उशीर झाला होता. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या त्या दोन बॅगा आणि चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी घेऊन. टाकी दिवाणखान्यात आली, आमचा सोफा पॅसेजमध्ये गेला. तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे आगगाडीत बसल्यासारखे एका रांगेत बसतात.

पण टाकी होती देखणी! समुद्राचा एक तुकडा कापून आणून घरात ठेवावा तशी. त्यात इतर माशांबरोबर एक पिवळाधमक मासा होता. तो दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायचा, म्हणून त्याचं नाव हवालदार. खडकांवर प्रवाळ होते. प्रवाळ दिसतात झाडपाल्यासारखे किंवा दगडासारखे, पण असतात जिवंत जीव. एक हिरवागार, सतत डुलणारा. त्याला सासूबाई गालिचा म्हणत. आणि मधोमध, सगळ्यांत उंच खडकावर, तळहाताएवढा, फांद्याफांद्यांचा, जांभळ्या टोकांचा एक. त्याला नाव नव्हतं. सासऱ्यांनी त्यांच्या शेवटच्या वर्षी नखाएवढा तुकडा आणून स्वतःच्या हातानं तिथे चिकटवला होता. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहायच्या. चहा संपला की जायच्या.

तर या टाकीच्या जुन्या ट्यूब मंदावल्या होत्या आणि एलईडीचा दिवा घ्यायचा होता. सासूबाईंनी एक मध्यम दिवा हेरून ठेवला होता. मी आठवडाभर अभ्यास केला, तक्ते केले, आणि सगळ्यांत मोठा दिवा निवडला. दिवा घरी आला तेव्हा त्याचं खोकं दारातून आडवं आत येईना. उभं करून आणावं लागलं.

"मास्तर," सासूबाई म्हणाल्या, "हा दिवा माशांसाठी आहे की विमानं उतरवायची आहेत?"

"आई, जास्तीचा उजेड कमी करता येतो. पण मुळात कमी असला तर वाढवणार कुठून?"

माझं म्हणणं अगदी तर्कशुद्ध होतं. त्यातला 'कमी करता येतो' एवढाच भाग मी पुढे अमलात आणला असता, तर आज ही फजिती सांगायची वेळ आली नसती.

दिवा टाकीच्या वर तारांनी टांगला. त्याला पांढरा आणि निळा असे दोन उजेड होते, आणि ते कमीजास्त करायला मोबाइलवर अ‍ॅप होतं. ते सगळं जोडायचं काम बायकोनं केलं. ती दवाखान्यात परिचारिका आहे, त्यामुळे कुठलीही नळी, वायर आणि पासवर्ड तिच्या हाताला यश देतात. मी फक्त "सावकाश, सावकाश" म्हणत बाजूला उभा होतो.

दुसऱ्याच दिवशी सासूबाई धाकट्या मुलीकडे निघाल्या. तिला घर बदलायचं होतं, सामानाची बांधाबांध करायची होती. दहा दिवस जाणार होते. शाळेला सुट्टी असल्यामुळे टाकी माझ्या ताब्यात. निघताना त्यांनी टाकीच्या बाजूला एक कागद चिकटवला. सुवाच्य अक्षर, प्रयोगशाळेतलं:

'दिवा पहिला आठवडा वीस टक्के. पुढचा आठवडा पंचवीस. दर आठवड्याला पाचनेच वाढवणे. निळा जास्त, पांढरा कमी. रोज आठ तास. पाण्यापासून उंची एक फूट. प्रयोग करू नयेत.'

शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

"आई, तुम्ही निर्धास्त जा!" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नमुन्याच्या बाटलीकडे बघावं तसं बघितलं आणि त्या गेल्या.

पहिला दिवस मी वीस टक्क्यांवर काढला. पण काय तो उजेड! निळसर, मरगळलेला. हवालदार गस्तीवर कमी आणि रजेवर जास्त वाटत होता. एवढा मोठा दिवा आणून वीस टक्के लावायचा म्हणजे गवयाला बोलावून त्याला फक्त खाकरायला लावण्यासारखं! मी म्हटलं, आई जुन्या वळणाच्या, ट्यूबच्या जमान्यातल्या. त्यांना सुखद धक्का देऊ या. परत येतील तेव्हा टाकी अशी झळाळेल की म्हणतील, मास्तर, मानलं!

मी अ‍ॅप उघडलं. पांढरा शंभर. निळा शंभर. मग वाटलं, एक फुटावरून निम्मा उजेड हवेतच वाया जात असणार. तारा सैल करून दिवा खाली घेतला, थेट चार बोटांवर. मग अ‍ॅपमध्ये आणखी काय काय आहे ते बघताना 'वादळ' असं एक बटण दिसलं. दाबलं.

दिवाणखान्यात विजा कडाडायला लागल्या! आवाज नाही, पण उजेड असा की भिंतीवरचं घड्याळ क्षणभर दिसे, क्षणभर नाहीसं होई. मी घाबरून दुसरं बटण दाबलं तर विजा दुप्पट झाल्या. एवढ्यात दारावरची घंटा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. हे कधीही सैन्यात नव्हते, पण मिशांमुळे सगळे त्यांना कर्नल म्हणतात.

"मास्तर, घरात वेल्डिंग चाललंय काय?"

"नाही, नाही! माशांचा दिवा आहे."

"मासे काय, भाजताय?"

मी हसलो. तेव्हा हसलो! त्या माणसानं तीन शब्दांत अचूक निदान केलं होतं, आणि मी त्याला जिन्यापर्यंत सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी टाकी लखलखत होती. मी पॅसेजमधल्या सोफ्यावर बसून, मान वाकडी करून तिच्याकडे अभिमानानं बघत होतो. मासे मात्र खडकाच्या कपारीत जाऊन बसले होते. हवालदारानं तर पोलीस चौकीच सोडली होती. आणि गालिचा, एरवी डुलणारा, मुठीसारखा आवळून बसला होता. मी विचार केला, आणि मला लगेच कळलं. मला सगळं लगेच कळतं, हीच माझी अडचण आहे. बिचारे इतकी वर्षं अंधारात उपाशी राहिलेत! त्यांना आणखी उजेड पाहिजे! मी आठ तासांचे चौदा केले.

त्याच संध्याकाळी चमत्कार झाला. मी भाजी घेऊन आलो, तर दिवा आपोआप वीस टक्क्यांवर आलेला. मी परत शंभर केला. तासाभरात परत वीस! मी शंभर. तो वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर, मी अंघोळ करून येतो तो वीस! असा हट्टी दिवा मी आयुष्यात बघितला नव्हता.

"अगं, हा दिवा बिघडका निघाला," मी बायकोला म्हणालो.

ती ड्युटीवर निघाली होती, केसांना पिना लावत होती. "मग राहू दे ना विसावर. आईनं तेवढाच सांगितलाय ना?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे!"

"अरे, ते वरचं झाड जरा फिकट दिसतंय का?"

"ते खुलतंय," मी म्हणालो.

सासूबाईंचा फोन आला. मी उत्साहानं सांगितलं, "सगळं झकास आहे, आई! फक्त दिव्यात जरा दोष आहे. आपोआप कमी होतो. पण मी पण काही कमी नाही, पुरून उरलोय त्याला!"

पलीकडे खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज आला.

"कमी होतोय, तर होऊ द्या की मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याला काही कळत असेल."

"दिव्याला काय कळणार, आई?" मी हसत म्हणालो. आणि फोन ठेवून मी त्या दोषावर कायमचा इलाज केला. दिव्याचं वायफायच तोडलं. शंभरवर लावून दिवा मोकळा. आता बघू कसा कमी होतो! आणि खरंच, त्यानंतर तो कमी झाला नाही. दोन दिवस, रोज चौदा तास, चार बोटांवरून, पूर्ण ताकदीनं.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन टाकीसमोर उभा राहिलो, आणि कप तसाच हातात राहिला.

सासऱ्यांचा प्रवाळ पांढरा पडला होता. फिकट वगैरे नाही. पांढरा. वरच्या फांद्या खडूसारख्या, खालच्या पिवळट. खडूचा पांढरा रंग मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार! काचेवर तपकिरी शेवाळ आलं होतं, ते मी दोन दिवस निरोगीपणाचं लक्षण समजत होतो. गालिच्याच्या कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या. मी वायफाय परत जोडून पटकन दिवा विसावर आणला, एक फुटावर ओढला, कागदावरचं सगळं अक्षर न् अक्षर पाळलं. पण आता कागदाकडे बघायचीच चोरी झाली. त्या दोन रेघा माझ्याकडे बघत होत्या.

खरं म्हणजे तेव्हाच फोन करायला हवा होता. 'आई, माझ्याकडून चूक झाली.' एवढं एकच वाक्य. रोज वर्गात मी चाळीस मुलांना हेच सांगतो की चूक झाली तर सांगावं, लपवू नये. मी फोन हातात घेतलाही. तेवढ्यात त्यांचाच निरोप आला: 'टाकीचा एक फोटो पाठवा.'

आणि मी काय केलं, ते लिहिताना माझे कान तापतायत. मी फोटो काढला. त्यात तो प्रवाळ थडग्यासारखा दिसत होता. मग मी फोनमधल्या त्या रंग बदलायच्या पट्ट्या सरकवत बसलो. थोडा निळा, थोडा लाल, थोडा आणखी लाल... आणि शेवटी पांढऱ्या फांद्यांना जांभळी झाक आली! प्रकाशाचं सगळं ज्ञान पणाला लावून, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी माझ्या सासूला फसवायला एक फोटो रंगवला आणि पाठवून दिला.

उत्तर आलं: 'मिळाला. काही सांगायचंय का?'

मी लिहिलं: 'सगळं उत्तम!' आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. तो चेहरा मी परत घेऊ शकलो असतो तर!

दुपारी मी गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. सासूबाईंच्या ओळखीच्या दुकानात जायची छाती नव्हती. हे दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना टाक्या, आणि मधे कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या एक दुकानदारीणबाई.

"माझा एक मित्र आहे," मी सुरुवात केली. "त्याच्या टाकीतला प्रवाळ पांढरा पडलाय."

"नवा दिवा लावला का मित्रानं?"

"हो."

"किती टक्के?"

मी बाजूच्या माशाकडे बघत म्हणालो, "शंभर."

"शंभर!" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की मागे पाणी भरणारा एक गिऱ्हाईकही वळला. "आणि उंची?"

मी चार बोटं दाखवली.

"चार फूट?"

"चार बोटं."

बाईंनी हातातली जाळी खाली ठेवली. "अहो, प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. रंगही त्याचा, आणि जेवणही तेच करून घालतं. एकदम एवढा उजेड मारला की त्या शेवाळाचं विष होतं, मग प्रवाळ ते अंगातून हाकलून देतो. वर्षभर घरात बसलेल्या माणसाला उचलून भर उन्हात उभं करायचं आणि वर म्हणायचं, चौदा तास हलू नकोस!"

चौदा तास हा आकडा मी सांगितलाच नव्हता. त्यांनी आपला अंदाजानं म्हटला होता.

"तुमच्या मित्राला सांगा, दिवा कमी करा आणि वाट बघा. हात लावू नका."

हात लावू नका. किती सोपा सल्ला! पण माझी नजर त्यांच्या मागच्या टाकीतल्या एका प्रवाळावर गेली. तळहाताएवढा. फांद्याफांद्यांचा. जांभळ्या टोकांचा.

"तो... मिळेल का?"

"मित्राला पाहिजे?"

"त्याच्या सासूबाईंना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना सगळं कळलं असणार. पण दुकान चालवायचं म्हणजे सगळं बोलून भागत नाही. पिशवीत पाणी भरून त्यांनी तो प्रवाळ दिला, आणि बरोबर पाण्यातही चिकटणाऱ्या डिंकाची एक नळी. "जपून वापरा. पाण्यात भलताच लवकर धरतो," त्या म्हणाल्या.

दोन दिवस तो नवा प्रवाळ टाकीच्या तळाशी एका कोपऱ्यात पडून होता, कारण माझा हात होईना. आठव्या दिवशी दुपारी, बायको ड्युटीवर असताना, मी बाह्या वर केल्या. सासऱ्यांचा प्रवाळ बुडापाशी धरला आणि जरा जोर लावला. कट् असा आवाज पाण्यातूनही ऐकू आला. खडकावर सासऱ्यांच्या डिंकाचा नखाएवढा पांढरा डाग तेवढा राहिला. मी तो पांढरा प्रवाळ टाकून द्यायला म्हणून हातात घेतला, आणि टाकवेना. शेवटी एका भांड्यात टाकीतलंच पाणी घेतलं, त्यात बुडवला आणि ते न्हाणीघरात ठेवून आलो.

मग नव्याच्या बुडाला डिंक लावला, सढळ हातानं, कारण मी काहीही कमी लावत नाही. हात काखेपर्यंत पाण्यात घातला. त्या पांढऱ्या डागावर नवा प्रवाळ टेकवला, घट्ट दाबला, मनात साठपर्यंत मोजलं. हात काढायला गेलो.

हात येईना!

अंगठा आणि दोन बोटं प्रवाळ आणि खडकाच्या मधे पक्की बसली होती. मी ओढलं, तर सगळा खडकच हलला, वरचे दगड गडगडले, टाकीची काच कुरकुरली. मी गपकन थांबलो. ओढावं तर टाकी फुटेल, न ओढावं तर असाच उभा! गाल दिव्याच्या कडेला टेकलेला, एक पाय स्टुलावर, एक हवेत. फोन आतल्या खोलीत वाजत होता. आणि तो हवालदार, जो आठ दिवस रजेवर होता, नेमका आत्ता कामावर रुजू झाला आणि माझ्या दंडावरचे केस एकेक करून टोचायला लागला.

अर्धा तास गेला. मग कुलपात किल्ली फिरली. माझ्या जिवात जीव आला, बायको! ती हसेल, पण सोडवेल.

दार उघडलं. बायको होती. तिच्यामागे बॅग घेऊन सासूबाई होत्या.

दोघी उंबऱ्यातच थांबल्या. मी मान वळवता येईल तेवढी वळवली आणि म्हणालो, "आई! तुम्ही परवा येणार होता ना?"

या प्रसंगी माणसानं काय बोलावं याचे शंभर पर्याय असतील. मी हा निवडला.

सासूबाईंनी चपला काढल्या, बॅग खाली ठेवली, चष्मा बदलला आणि टाकीच्या समोर येऊन वाकून बघितलं. बराच वेळ. मला काचेतून त्यांचा चेहरा मोठा दिसत होता.

"हात हलवू नका," त्या म्हणाल्या. आणि मुलीला, "बादली आण. टाकीतलंच पाणी भर."

दोघींनी मिळून तो वरचा खडक माझ्या हातासकट उचलून बादलीत उतरवला. मी बादलीशेजारी जमिनीवर बसलो. सासूबाई समोर पाटावर बसल्या. माझा हात खडकासकट पाण्याबाहेर काढून, प्रवाळावर ओलं फडकं धरून, त्या कापसाच्या काडीनं माझ्या बोटांच्या कडेला थेंब थेंब तेल सोडायला लागल्या. हात किती स्थिर! तीस वर्षांची सवय.

"आई, मी..."

"बोला. हात मात्र हलवू नका."

आणि मी सांगितलं. शंभर टक्के, चार बोटं, चौदा तास, मित्र, सगळं. काडी चालू होती. मग फोटोवर आलो.

"फोटो..." मी म्हणालो.

"फोटोत हवालदार केशरी होता," त्या शांतपणे म्हणाल्या.

बायको खुदकन हसली आणि आत निघून गेली. मी मात्र मान खाली घातली. सगळं लक्ष त्या फांद्यांवर देताना तो पिवळा मासा माझ्या ध्यानातच आला नव्हता!

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"त्याच्या आधीच. तो दिवा कमी कोण करत होतं, असं वाटलं तुम्हाला? हिनं अ‍ॅप माझ्याही फोनवर घातलंय. मी तिथून विसावर आणत होते, तुम्ही इथून चढवत होता. मग तुम्ही वायफाय काढलंत आणि माझा हातच तुटला. तिकडची बांधाबांध अर्धी टाकून येता येईना."

"मग मला सांगायचं ना, आई! ओरडायचं!"

"ओरडणार होते. म्हटलं, आधी विचारावं." काडी थांबली. "विचारलं होतं ना मी? काही सांगायचंय का म्हणून."

याच्यापेक्षा त्यांनी ती बादली माझ्या डोक्यावर ओतली असती तर बरं झालं असतं. एक बोट सुटलं. मग दुसरं.

"जुना टाकून दिलात?" हे विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला.

"नाही, नाही! आहे. न्हाणीघरात ठेवलाय. टाकीच्याच पाण्यात, तांब्यात."

सासूबाई ताडकन उठल्या. "तांब्यात? तांब्याच्या तांब्यात?"

"म्हणजे?"

"अहो मास्तर, तांबं म्हणजे विष त्यांना! एवढंसं उतरलं पाण्यात तरी मरतात!"

"स्टीलचा आहे! स्टीलचा तांब्या! देवाशपथ स्टीलचा!" मी बादलीला अडकलेल्या अवस्थेत ओरडलो. वरून कर्नल ओरडले, "काय झालं?" बायको न्हाणीघरातून ओरडली, "स्टीलचा आहे, आई!" सासूबाई परत पाटावर बसल्या. त्यांनी डोळे मिटले आणि दोन श्वास घेतले. तेवढ्यात माझा अंगठा आपोआप सुटला, बहुतेक घामानं, आणि त्याच्याबरोबर नवा प्रवाळही खडकावरून निघाला.

तांब्या समोर आला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून भिंग घेतलं आणि त्या पांढऱ्या फांद्यांवरून हळूहळू फिरवलं. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसांचं काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

"मेला नाहीये," त्या शेवटी म्हणाल्या. "कातडं आहे अजून. उपाशी आहे नुसता."

मग त्यांनी खडकावरच्या त्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवलं. तिथे सासऱ्यांचा डिंक होता आणि आता त्याच्यावर माझाही. मला वाटलं, आता सांगतील, मास्तर, यापुढे या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मी तयार होतो. पॅसेजमध्ये सोफा होताच.

त्यांनी खणातून रबरी हातमोजे काढले आणि माझ्या मांडीवर टाकले.

"घाला. आणि चिकटवा परत. मी सांगते तसं."

"मी?"

"मग काय मी? तोडलाय कोणी?"

मी मोजे घातले. त्यांनी सांगितला तेवढाच, मुगाएवढा डिंक घेतला, त्यांनी दाखवलेल्या सावलीतल्या जागी, टाकीच्या खालच्या अंगाला, तो प्रवाळ टेकवला, आणि त्या "सोडा" म्हणाल्या तेव्हाच सोडला. नव्यालाही एक कोपरा मिळाला. "त्याचा काय दोष?" त्या म्हणाल्या.

महिनाभर काही झालं नाही. मी रोज येता जाता बघायचो, चोरासारखा. सासूबाई सकाळी चहा घेऊन आता वाकून उभ्या राहायच्या, कारण प्रवाळ खाली गेला होता. त्यांचे गुडघे दुखतात. तेही माझ्यामुळे. दुसऱ्या महिन्यात फांद्यांवर मळकट तपकिरी रंग चढला. मी हळहळलो, पण त्या खूश झाल्या. म्हणाल्या, शेवाळ परत आलंय, आता जेवेल तो. एक फांदी गेली ती गेलीच, तिच्यावर आता हिरवट बुरशीसारखं काहीतरी आहे. चौथ्या महिन्यात एका टोकाला, एकाच, मोहरीएवढी जांभळी छटा आली. त्या दिवशी सासूबाईंनी चहाचे दोन कप आणले. एक माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघं वाकून उभे राहिलो.

त्यानंतर मला टाकीचं एक कामही मिळालं. रोज संध्याकाळी समोरची काच पुसायची. बाहेरून. कोरड्या फडक्यानं. मी ते मन लावून करतो. वरून खाली, मग आडवं, मग कोपरे.

कालच सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "छान पुसता हो, मास्तर. एक डाग नाही."

गेल्या सहा महिन्यांत मला मिळालेली ही पहिली शाबासकी! माझा ऊर भरून आला. मी फडकं झटकलं, बाह्या सावरल्या आणि म्हणालो, "आई, मग आता आतूनही..."

"नको," त्या म्हणाल्या. "फडकं वाळत घाला."